आमच्या घरात कोणी लॉटरीचं तिकीट घेतलेलं नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ,
नवी दिल्ली.

विषय: आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळणाऱ्या आपल्या खेळाडूंची बक्षिसं आणि प्राप्तिकर

महोदय,

आपली आणि नागपूरची ओळख असणारच. प्राप्तिकर खात्यातला थेट भरतीचा अधिकारी छिंदवाडा रोडवरच्या राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत राहिल्याशिवाय तयार होत नाही. म्हणजे उमेदीच्या वर्षांत आपणही इथला एखादा मे महिना काढला असेल, कूलरच्या घरघरीत कलमं पाठ केली असतील आणि रविवारी सकाळी तर्री-पोहे खाताना डोळे पुसले असतील. त्या जुन्या ओळखीच्या भरवशावर लिहितो आहे. दिल्लीला पाठवलेल्या निवेदनांचं काय होतं ते मला पुरतं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र उघड.

मी कर सल्लागार. महालात ऑफिस, चौतीस वर्षांचा धंदा. पक्षकार म्हणजे इतवारीतले व्यापारी, दोन-चार डॉक्टर, बाकी पेन्शनर मंडळी. पण गेल्या दहा-बारा वर्षांत एक नवा वर्ग माझा जिना चढू लागला आहे: खेळणाऱ्या पोरांचे आईबाप. गावात हे पीक चांगलं आलंय. बुद्धिबळात दिव्या देशमुख, रौनक साधवानी, संकल्प गुप्ता. बॅडमिंटनमध्ये मालविका बनसोड. धनुर्विद्येत ओजस देवतळे. बॉक्सिंगमध्ये अल्फिया पठाण. सगळी नागपूरची. यांच्यापैकी कोणीही माझं पक्षकार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांच्याबद्दल पुढे जे लिहिलंय ते सगळं पेपरात छापून आलेलं आहे. माझ्याकडे येतात ती यांच्याकडे पाहून खेळायला लागलेली पोरं.

त्यातल्याच एकाची हकिकत.

मागच्या वर्षी जूनमध्ये एक बाई आल्या, सोबत तेरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या काखेत फोमचा भला मोठा चेक. आमचा जिना अरुंद, तो चेक आडवा येईना आणि उभा धरला तर वरच्या तुळईला लागे. शेवटी पोट्ट्याने तो डोक्यावर तिरपा धरून वर आणला. चेकवर निळ्या अक्षरांत लिहिलेलं: रुपये पंचवीस हजार फक्त. परराज्यातल्या एका आंतरराष्ट्रीय खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत तो आपल्या रेटिंग गटात तिसरा आला होता. स्टेजवरचा फोटो आईच्या मोबाइलवर होता. पाहुण्यांच्या मधोमध हा, आणि चेकच्या मागे त्याचा फक्त चेहरा दिसतोय. बँकेत मात्र जमा झाले होते १७,५००.

"काका, बाकीचे कुठे गेले?" त्याने विचारलं. रेटिंग अठराशेच्या घरातलं, हिशेबाला पक्का.

मी त्याच्या पॅनवरून २६एएस, म्हणजे त्याच्या नावावर कापलेल्या कराचा उतारा, काढला. ते पॅन कार्डही बघण्यासारखं असतं. अल्पवयीन मुलाच्या कार्डावर ना फोटो, ना सही. २६एएसमध्ये एकच ओळ: कलम १९४बी, कापलेला कर ७,५००. आईने विचारलं, १९४बी म्हणजे काय? मी सांगितलं, लॉटरी, शब्दकोडी, पत्ते आणि तसल्या खेळांत जिंकलेली रक्कम. त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात आजवर कोणी लॉटरीचं तिकीट घेतलेलं नाही हो."

बाईंना वाटलं, मीच काहीतरी चुकीचं वाचतोय. मी बरोबर वाचत होतो.

आपल्याला कायदा शिकवण्याचा माझा अधिकार नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडं सांगतो. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, सवलती अनुसूचींत गेल्या. आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी मात्र अजून जुनेच आकडे आहेत. इथेही तेच वापरतो.) लॉटरीच्या त्या कलमात 'पत्त्यांचे डाव आणि इतर कोणत्याही प्रकारचा खेळ' असे शब्द आहेत. 'इतर खेळ' म्हणजे काय, तेही कायद्यानेच सांगितलंय: टीव्हीवर किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून होणारे गेम शो, करमणुकीचे कार्यक्रम ज्यांत लोक बक्षिसासाठी स्पर्धा करतात, किंवा त्यासारखाच दुसरा खेळ. एका बाजूला पाऊण लाखाच्या प्रश्नाला 'लॉक करा' म्हणणारा स्पर्धक आणि दुसऱ्या बाजूला चार-चार तास मान खाली घालून एका घोड्याचा विचार करणारं पोर, हे दोघे 'त्यासारखेच' आहेत असं मला तरी वाटत नाही. पण बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की आयोजक ३० टक्के कापून मोकळे होतात. त्यांचंही मी समजू शकतो. कमी कापला तर उद्या खातं आयोजकालाच कसूरदार धरणार, व्याज लावणार. जास्त कापला तर बोंब मारायला येणार ते तेरा वर्षांचं पोर. मग कोण धोका पत्करेल?

आता या एका खान्याने काय फरक पडतो तो पाहा. ही रक्कम लॉटरीची धरली, तर तिच्यावर सरसकट ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. चार लाखांची करमुक्त मर्यादा तिला लागू नाही, रिबेट लागू नाही, आणि एका पैशाचाही खर्च वजा होत नाही, कारण लॉटरीच्या तिकिटाला कसला आलाय खर्च? पंचवीस हजारांवर कर झाला ७,८००. कापले ७,५००. म्हणजे पोराने आणखी ३०० रुपये भरायचे! हीच रक्कम त्याच्या कौशल्याची कमाई धरली, तर खर्च वजा जाता हाती काही उरतच नाही, कर शून्य, आणि ७,५०० रुपये परत. एकाच बक्षिसाचे दोन हिशेब, आणि कुठला लावायचा ते ठरतं आयोजकाच्या हिशेबनिसाने टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरताना कोणता कोड निवडला त्यावर.

खर्चाचं म्हणाल तर त्या बाईंनी कापडी पिशवीतून वही काढली. शंभर पानी, रेघांची. प्रवेश फी, दोघांचं रेल्वेचं भाडं (परतीचं तिकीट वेटिंगवरून कन्फर्म झालंच नाही, म्हणून बस), नऊ रात्रींची लॉज, जेवण, कोचची महिन्याची फी, वर्षातून एकदा भरायची ऑनलाइन सरावाची वर्गणी. शेवटच्या पानावर बेरीज: एकेचाळीस हजार आणि काही. पंचवीस हजार जिंकायला एकेचाळीस हजार. आमच्या इतवारीत असा धंदा करणाऱ्याला लोक दुकान बंद करायला सांगतात.

मी ते विवरणपत्र लॉटरीखाली भरलं नाही. माझ्या एका सहकाऱ्याचा सल्ला होता, "तीनशे भर आणि विसरून जा, सिस्टीमशी कशाला भांडतोस?" मी भांडलो. खाती जुळत नाहीत म्हणून सूचना आली. मी उत्तर दिलं, स्पर्धेचं माहितीपत्रक जोडलं, निकालाचा तक्ता जोडला, वहीची पानं स्कॅन करून जोडली. रिफंड फेब्रुवारीत आला, व्याजासकट. पण माझ्याकडे न येता जी पोरं ते तीनशे भरतात, त्यांची गणती कुठल्याच तक्त्यात होत नाही.

आणि गंमत अशी की कायद्यानेच एका ठिकाणी या मुलांच्या बाजूने साक्ष दिलेली आहे. मुलाचं उत्पन्न आईबापाच्या उत्पन्नात मिळवायचं असा नियम आहे. पण मुलाने ते स्वतःच्या कसबाने, बुद्धीने किंवा विशेष ज्ञानाने मिळवलं असेल तर मिळवायचं नाही, ते त्याचंच. म्हणजे कलम ६४ म्हणतं हे पोर कसबी आहे, कलम १९४बी म्हणतं याला लॉटरी लागली. दोन्ही एकाच कायद्याची कलमं.

याहून मोठी विसंगती त्याच स्पर्धेत घडली. आयोजकांच्या हिशेबनिसाशी फोनवर बोलताना मी सहज विचारलं की परदेशी खेळाडूंचा कर किती कापला. तो म्हणाला, २० टक्के, अधिक अधिभार-उपकर. बरोबर आहे. परदेशी खेळाडूसाठी ११५बीबीए हे वेगळं कलम आहे. भारतात खेळून मिळवलेल्या पैशावर २० टक्के, आणि एवढंच उत्पन्न असेल तर त्याने विवरणपत्रही भरायचं नाही. पण त्या कलमाच्या कंसात एक अट आहे: ज्या खेळाची जिंकलेली रक्कम लॉटरीच्या कलमाखाली येते, तो खेळ सोडून. म्हणजे बुद्धिबळ जर लॉटरीच्या कलमातलं असेल तर त्या परदेशी ग्रँडमास्टरचेही ३० टक्के कापायला हवे होते. ते नसेल, तर आमच्या पोराचे ३० का कापले? एकाच हॉलमध्ये, एकाच पटाच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघांपैकी एक जण खेळ खेळत होता आणि दुसरा जुगार, असं तर होत नाही ना?

हा झाला पहिला विषय. दुसऱ्याकडे येतो. त्यात पैसा मोठा आहे आणि नावंही मोठी.

सरकारने खेळाडूला दिलेलं पारितोषिक करमुक्त असतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. कलम १०(१७ए) म्हणतं की केंद्र सरकारने मंजूर केलेलं पारितोषिक करमुक्त. आणि जानेवारी २०१४ च्या आदेशाने जी सरसकट मंजुरी दिली, ती तीन नावांना: ऑलिम्पिक, राष्ट्रकुल, आशियाई. या तिन्हींत पदक जिंकणाऱ्याला केंद्राने किंवा राज्याने दिलेलं बक्षीस करमुक्त. चौथं नाव नाही.

ही यादी नागपूरला लावून बघू.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला ओजस देवतळे धनुर्विद्येचा जगज्जेता झाला. अंतिम फेरीत पंधरा बाण, पंधराही दहाच्या वर्तुळात, १५० पैकी १५०. समोरच्या पोलंडच्या तिरंदाजाचे १४९. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी हांगझोऊला आशियाई स्पर्धेत त्याने तीन सुवर्णपदकं घेतली. वैयक्तिक अंतिम फेरीत त्याचे गुण १४९. आता यादी काय म्हणते? हांगझोऊच्या १४९ साठी राज्याने बक्षीस दिलं तर करमुक्त. बर्लिनच्या १५० साठी दिलं तर त्या आदेशात जागा नाही. एक गुण कमी पडला तेव्हा यादीत, एकही गुण सुटला नाही तेव्हा यादीबाहेर. आणि ओजस खेळतो तो कंपाउंड (चाकं लावलेल्या धनुष्याचा) प्रकार आजवर ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा येणार आहे, तोही फक्त मिश्र सांघिक गटात. या माणसाने ऑलिम्पिक पदक आणायचं कुठून?

अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडच्या किएल्त्सेला युवा जागतिक विजेतेपद मिळवलं, ८१ किलोवरच्या गटात. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग ७५ किलोला संपतं. तिच्या गटाला तिथे दारच नाही.

दिव्या देशमुख तर सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बटुमीला तिने महिला विश्वचषक जिंकला, तोही कोनेरू हंपीला हरवून, आणि एकही नॉर्म (त्या किताबासाठी आधी स्पर्धांत करून दाखवायची ठरावीक कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. गावात आली तेव्हा विमानतळाबाहेर ढोल-ताशे होते. राज्य सरकारने नागपुरातच जाहीर सत्कार करून तीन कोटी रुपये दिले. तिच्या विवरणपत्राची चर्चा इथे करायची नाही, ती तिची खासगी बाब. मुद्दा आदेशाचा आहे. बुद्धिबळाचा विश्वचषक त्या तीन नावांत नाही. बुडापेस्टला २०२४ मध्ये ज्या संघाने सुवर्ण जिंकलं त्यातही ती होती, पण ती स्पर्धा ऑलिम्पियाड. ऑलिम्पियाड म्हणजे ऑलिम्पिक नव्हे, दोन अक्षरांनी हुकलं. अशा वेळी स्वतंत्र मंजुरी काढता येते, हे मला माहीत आहे. पण मंजुरी काढून घेण्याइतकं वजन जगज्जेतीला असतं. आशियाई युवा स्पर्धेतून कांस्य आणणाऱ्या मुलाला जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात खुर्ची मिळाली तरी पुष्कळ.

नावांच्या यादीचा आणखी एक दोष असा की ती यादी आपल्या हातात नसते. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत आयोजकांनी खर्च वाचवायला खेळच दहावर आणले. बॅडमिंटन गेलं, हॉकी गेली, कुस्ती गेली, नेमबाजीही नाही. म्हणजे मानकापूरच्या संकुलात रोज पहाटे शटल मारणाऱ्या पोरीच्या करसवलतीची तीनपैकी एक वाट स्कॉटलंडमधल्या एका अंदाजपत्रकाने बंद केली. आपल्या मंडळाचा त्यात काही दोष नाही. पण स्पर्धेच्या नावावर सवलत टांगली की हे असं व्हायचंच.

मग नावं नाहीत तर निकष कोणता? तो शोधायला कुठे लांब जावं लागत नाही, महोदय. तो आपल्याच कायद्यात लिहिलेला आहे. फक्त दुसऱ्यांसाठी.

कलम १०(३९) आपल्याला माहीतच आहे. भारतात होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून मिळणारं ठरावीक उत्पन्न, सरकारने अधिसूचित केलेल्या व्यक्तींना करमुक्त. अट काय? स्पर्धेला त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता हवी, दोनपेक्षा जास्त देश हवेत आणि राजपत्रात अधिसूचना हवी. किती सुटसुटीत! स्पर्धेचं नाव काहीही असो.

या सवलतींचं महाभारत आम्ही जामठ्याच्या क्रिकेट मैदानात बसून पाहिलंय. २०११ चा क्रिकेट विश्वचषक आठवतो का? जामठ्याला चार सामने होते. १२ मार्चला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने १११ केल्या, आणि एक बाद २६७ वरून आपण २९६ मध्ये गडगडलो. मी स्टँडमध्ये होतो, परतताना वर्धा रोडवर दोन तास अडकलो, गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. त्या स्पर्धेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेला करसूट दिली होती. सुमारे ४५ कोटींची, असं तेव्हा छापून आलं. त्यावर गदारोळही झाला. पाच वर्षांनी २०१६ ला टी-ट्वेंटी विश्वचषक आला, भारत-न्यूझीलंड सामना याच मैदानावर, आपण ७९ मध्ये गारद. त्या खेपेला सूट मिळाली नाही आणि परिषदेने भारतीय क्रिकेट मंडळाच्या वाट्यातून पैसे कापून घेतले. मैदान तेच, माणसं तीच, कर एकदा माफ, एकदा नाही. (१९९६ च्या विश्वचषकात परदेशी मंडळांना दिलेल्या रकमांवरचा टीडीएस तर सर्वोच्च न्यायालयात २०२० मध्ये निकाली निघाला. चोवीस वर्षं! त्या स्पर्धेतला ऑस्ट्रेलिया-झिम्बाब्वे सामना सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर झाला होता. तेव्हा पॅव्हेलियनमध्ये पाणी वाटणारी पोरं आता नातवंडं खेळवत असतील.)

बड्या संघटनांना सूट द्यावी की नाही यावर माझं मत विचाराल तर देऊ नये. त्यांच्याकडे प्रक्षेपणाचे पैसे आहेत, वकील आहेत. बाहेरून खेळायला येणाऱ्या खेळाडूंचं वेगळं. २०१० मध्ये ब्रिटनच्या करामुळे उसेन बोल्टने लंडनची शर्यत टाळली होती आणि २०१३ मध्ये खास सूट मिळाल्यावरच तो तिथे धावला. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे. तेव्हा परदेशी खेळाडूंच्या सवलतीची फाइल आपल्या टेबलावर येईल, आणि आलीच तर आपण सही करावी. पण त्या फाइलखाली आमची ही पातळ फाइलही ठेवावी, एवढीच विनंती.

बाहेर खेळून येणाऱ्यांच्या वेगळ्याच खस्ता आहेत. युरोपातल्या छोट्या बॅडमिंटन स्पर्धेतलं बक्षीस काहीशे डॉलरचं. अनेक देशांत ते हातात येण्याआधीच तिथला कर कापतात. त्याची वजावट इथे घ्यायची तर तिथल्या आयोजकाकडून कापल्याचा दाखला आणा, तो त्यांच्या भाषेत. मग स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे परकीय चलन विकत घेण्याचा दर, शोधा, तोही कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. मग ही वजावट मागायचा फॉर्म ६७ भरा. एका पोरीच्या वडिलांसाठी मी हे सगळं केलं. वजावट मिळाली ती त्यांच्या स्कूटरच्या महिन्याभराच्या पेट्रोलइतकी. माझी फी सांगितली असती तर ती जास्त झाली असती, म्हणून चहावर भागवलं.

एके काळी परदेशात मिळवलेल्या पैशावर खेळाडूला सवलत होती. कलम ८०आरआर. लेखक, कलावंत, वादक, नट आणि खेळाडू, सगळे त्यात होते. टक्केवारी उतरवत उतरवत ती बंद झाली. त्या कलमावरूनच सचिन तेंडुलकरने जाहिरातींच्या उत्पन्नापुरतं आपण नट आहोत असं म्हटलं होतं, आणि २०११ मध्ये मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने ते मान्यही केलं. आमच्या धंद्यात हा किस्सा अजून रंगवून सांगतात. माझ्या मते ते कलम गेलं ते बरंच झालं. त्याचा खरा फायदा ज्यांना जाहिराती मिळत होत्या त्यांनाच होता.

कारण मी सगळंच माफ करा म्हणणाऱ्यांतला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला जगज्जेता झाला, साडेतेरा लाख डॉलर मिळाले, आणि दुसऱ्या दिवशीपासून लोक सरकारला शिव्या घालू लागले की एवढा कर कसा घेता. माझ्या ऑफिसातही दोघं भांडले. मी कर घेणाऱ्याच्या बाजूने होतो. व्यावसायिक खेळाडूने कोटींत कमावलं तर त्याने कर द्यावा. डॉक्टर देतो, आमचा किराणावाला देतो. फक्त त्याच्या दहा वर्षांच्या खर्चाचाही हिशेब धरावा. गुकेशला भरायला कर तरी होता. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना तोटाच असतो आणि त्यावर ३० टक्के कापलेले असतात. यात 'सवलत' मागतोय असं मला वाटतही नाही. जे उत्पन्नच नाही त्यावरचा कर परत मागतोय.

तेव्हा मागणी अशी. एक परिपत्रक काढा, एका पानाचं पुरे, की राष्ट्रीय महासंघाची किंवा आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता असलेल्या स्पर्धेत खेळाडूने स्वतः खेळून मिळवलेलं बक्षीस लॉटरीच्या कलमात येत नाही. पूर्वी असं झालेलंही आहे; १९८६ च्या परिपत्रकात मंडळाने म्हटलं होतं की जो व्यावसायिक नाही अशा खेळाडूचं पारितोषिक भेटीच्या स्वरूपाचं, करपात्र नाही. २००४ नंतर भेटींवरच कर आल्यापासून ते परिपत्रक जिवंत आहे की गेलं, यावर आम्ही सल्लागार चहाच्या टपरीवर वाद घालतो. एकदा सांगून टाका. आणि २०१४ च्या आदेशातली तीन नावं काढून त्या जागी १०(३९) मधलीच दोन वाक्यं घाला: आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता, दोनपेक्षा जास्त देश. त्यात युवा आणि कनिष्ठ गट येऊ द्या, ऑलिम्पिकमध्ये नसलेले गट येऊ द्या. यादीचा गैरफायदा कोणी घेईल अशी भीती असेल तर बक्षीस सरकारने दिलेलं असावं ही अट आहेच. सरकार काही कोणालाही बक्षीस वाटत सुटत नाही. त्याच्या मंजुरीसाठी किती चकरा होतात ते कोणत्याही प्रशिक्षकाला विचारा.

टीडीएसच्या कोडमध्ये खेळाडूंसाठी एक वेगळा खाना ठेवला तर आयोजकांची भीतीही जाईल आणि आमच्या सूचनांची उत्तरंही वाचतील. संगणकाला हे अवघड नाही.

सोबत कागदपत्रं तयार आहेत: त्या मुलाचा २६एएस, स्पर्धेचं माहितीपत्रक, आलेली सूचना, माझं उत्तर आणि वहीची अकरा पानं. नाव-पत्ता काळ्या पेनने खोडलाय. आपल्या कार्यालयाने मागितली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने टाकतो. अकादमीत कोणी मागितली तर स्वतः नेऊन देईन, महालापासून फार लांब नाही.

तीच स्पर्धा यंदाही आहे. पोराने नाव नोंदवलंय, या खेपेला वरच्या गटात. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलंय: टीडीएस नियमानुसार कापला जाईल. परिपत्रक त्याआधी निघालं तर आयोजकांच्या हिशेबनिसाला मीच फोन करतो, त्याचा नंबर अजून आहे माझ्याकडे.

आपला,
एक कर सल्लागार
महाल, नागपूर